अनोळखी बेडूक कसा ओळखावा? स्थानिक आणि परक्या प्रजातींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंधारात काढलेला एक अस्पष्ट फोटो आणि त्याखाली ‘हा बाहेरून आलेला तर नाही ना?’ एवढेच वाक्य, असे संदेश आम्हांला सतत येतात. त्यांना उत्तरे देताना जे प्रश्न पुन्हापुन्हा समोर आले, ते येथे सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एका प्रश्नाचा धागा दुसऱ्याशी जोडला जातो, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बेडूक आणि भेक हे वेगळे प्राणी आहेत का?

नाहीत. शेपूट नसलेल्या उभयचरांच्या गणात जगभरातील ७,००० हून अधिक प्रजाती मोडतात, आणि भेक हे त्यांतलेच एक कुळ आहे. कोरडी खडबडीत त्वचा, तुलनेने आखूड मागचे पाय, लांब झेपेऐवजी छोट्या छोट्या उड्या आणि डोळ्यांमागे फुगलेल्या विषग्रंथी ही भेकांची ठळक लक्षणे होत. मात्र खडबडीत त्वचेचे, पण भेक नसलेले बेडूकही अनेक खंडांत आढळतात, आणि परक्या प्रजातींविषयीचे बरेचसे गैरसमज नेमके येथूनच सुरू होतात (प्रश्न ९ पाहा).

२. अनोळखी बेडूक दिसला. सर्वांत आधी काय करू?

त्याला पकडू नका. आधी फोटो काढा आणि मग चार गोष्टी लिहून ठेवा: नेमके ठिकाण, तारीख व वेळ, बेडूक कशावर किंवा कशात बसला होता, आणि आसपास कोणता आवाज येत होता. यांपैकी ठिकाणाची नोंद सर्वांत मोलाची असते, कारण एखाद्या प्रदेशात नोंदलेल्या बेडकांची यादी हाती आली की हजारो शक्यता उरत नाहीत, मोजक्याच उरतात. ओळख पटवणे म्हणजे बहुतेक वेळा एकेक शक्यता बाद करत जाणे. त्यामुळे ठिकाण न कळवता पाठवलेल्या उत्तम फोटोपेक्षा ठिकाणासह पाठवलेला साधारण फोटो आम्हांला अधिक उपयोगी पडतो.

३. फोटो नेमके कसे काढायचे?

वरून घेतलेला एकच फोटो पुरत नाही. वरून एक, बाजूने एक (डोळा, कानाचा पडदा आणि त्यामागचा भाग दिसेल असा), समोरून एक आणि मागच्या पायांच्या बोटांचा एक, असे किमान चार फोटो हवेत. बेडूक काचेवर बसला असेल तर काचेपलीकडून त्याच्या पोटाचा आणि बोटांच्या तळव्यांचा फोटो अवश्य घ्या, कारण एरवी हे भाग त्याला हाती धरल्याशिवाय दिसत नाहीत. आकार कळावा म्हणून शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवा. ते जमले नाही तर बेडूक निघून गेल्यावर तो बसला होता त्या फरशीची किंवा पानाची लांबी मोजा. बेडकाची लांबी नाकापासून धडाच्या शेवटापर्यंत मोजतात, पाय त्यात धरत नाहीत. ‘हातभर मोठा होता’ अशा वर्णनात बहुधा ताणलेले पायही मोजलेले असतात.

फ्लॅशच्या प्रकाशात ओल्या त्वचेचा रंग पांढरट दिसतो. त्यापेक्षा बाजूने विजेरी धरलेली बरी, आणि तीही थोडाच वेळ. फोटोतील रंग किंवा उजेड नंतर बदलू नका.

४. इतका वेगळा रंग मी कधीच पाहिला नाही. रंगावरून प्रजाती सांगता येणार नाही का?

रंग हे बेडकाचे सर्वांत लक्षवेधी लक्षण असले तरी सर्वांत कमी भरवशाचेही तेच आहे. एकाच प्रजातीत हिरवे आणि तपकिरी असे दोन्ही रंग असू शकतात, आणि तापमान, ओलावा व प्रकाश यांनुसार एकच बेडूक काही मिनिटांत फिका किंवा गडद होऊ शकतो. त्यात विणीच्या हंगामाची भर पडते. एरवी शेवाळी-तपकिरी दिसणाऱ्या भारतीय बुलफ्रॉगचे नर त्या काळात पिवळेधमक होतात आणि त्यांचे स्वरकोश (साद घालताना फुगणाऱ्या गळ्याजवळच्या पिशव्या) निळे दिसू लागतात, तर दक्षिण आणि आग्नेय आशियात सर्रास आढळणाऱ्या काळ्या गाठींच्या भेकाचे नर विणीच्या थोड्याच काळापुरते पिवळे पडतात. वर्षभर अंगणात पाहिलेला प्राणी अशा वेळी पूर्णपणे अनोळखी वाटणे स्वाभाविक आहे.

निळ्या बेडकाविषयीही वारंवार विचारणा होते. बेडकाचा हिरवा रंग बहुतेक वेळा त्वचेतील पिवळे रंगद्रव्य आणि त्याखालच्या पेशींतून परावर्तित होणारा निळा प्रकाश यांच्या मिश्रणातून तयार होतो. ज्या बेडकात जन्मतः पिवळे रंगद्रव्य नसते, तो निळा दिसतो. असा बेडूक वेगळ्या प्रजातीचा नसून नेहमीच्याच प्रजातीतील एक दुर्मीळ रंगरूप असतो.

५. मग शरीरावर नेमके काय पाहायचे?

रंग बदलतो, पण घडण बदलत नाही, म्हणून घडण पाहावी. आम्ही स्वतः डोक्याकडून पायांकडे जातो, कारण त्या क्रमाने काही निसटत नाही.

डोळ्याची बाहुली आडवी आहे, उभी आहे की गोल, हे पहिले. ते पुरेशा उजेडात पाहावे, कारण अंधारात बाहुली विस्फारते आणि कोणतीही बाहुली गोलसर दिसू लागते. त्यानंतर डोळ्यामागील कर्णपटल, म्हणजे कानाचा गोल पडदा: तो दिसतो का, आणि डोळ्यापेक्षा मोठा आहे की लहान? काही प्रजातींत यावरून नर-मादीही कळतात. अमेरिकन बुलफ्रॉगच्या नराचे कर्णपटल डोळ्यापेक्षा बरेच मोठे असते, तर मादीचे साधारण डोळ्याएवढे. कर्णपटलाच्या मागे लांबट किंवा त्रिकोणी फुगीर विषग्रंथी आहे का, आणि डोळ्यांच्या वर हाडांचे उंचवटे आहेत का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

पाठीवरील गाठींपेक्षा पाठीच्या कडांकडे लक्ष द्यावे. डोळ्यामागून निघून पाठीच्या दोन्ही बाजूंनी खाली जाणारी त्वचेची घडी काही बेडकांत स्पष्ट असते, काहींत मुळीच नसते, आणि एवढ्या एका घडीवरून दोन अगदी सारख्या दिसणाऱ्या प्रजाती वेगळ्या काढता येतात. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील हिरव्या बेडकाला ही घडी असते. त्याच तळ्यात राहणाऱ्या अमेरिकन बुलफ्रॉगला ती नसते. त्याची घडी डोळ्यामागून निघून कर्णपटलाला वळसा घालते आणि तेथेच संपते.

शेवटी पाय. बोटांच्या टोकांना चकत्या असतील तर बेडूक बहुधा चढणारा असतो. मागच्या बोटांमधील पडदा टोकापर्यंत गेला असेल तर तो बराच काळ पाण्यात राहणारा असतो, आणि टाचेजवळ फावड्यासारखा कठीण उंचवटा असेल तर माती उकरणारा. मांडीच्या आतील बाजूवरील नक्षी बेडूक बसलेला असताना दिसत नाही, पण अनेक झाडबेडकांत तीच निर्णायक ठरते. तो उडी मारत असतानाचा एखादा फोटो मिळाला तर तो टाकून देऊ नका.

६. बेडूक दिसत नाही, फक्त आवाज येतो. त्यावरून ओळख पटते का?

पटते, आणि अनेकदा फोटोपेक्षा अधिक खात्रीने पटते. नराची मादीला घातलेली साद प्रत्येक प्रजातीची वेगळी असते, कारण मादी त्या आवाजावरूनच आपल्या प्रजातीचा नर ओळखते. मोबाइलवर निदान अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण करा, त्या वेळी बोलू नका, आणि वेळ व ठिकाण नोंदवा. ऑस्ट्रेलियन संग्रहालयाचे २०१७ मध्ये सुरू झालेले ‘फ्रॉगआयडी’ हे अॅप याच तत्त्वावर चालते: नागरिक आवाज मुद्रित करतात आणि तज्ज्ञ तो ऐकून प्रजाती ठरवतात.

याला मर्यादाही आहेत. माद्या आणि पिल्ले अशी साद घालत नाहीत, आणि हंगाम संपला की नरही गप्प होतात. त्यामुळे ‘आवाज नाही, म्हणजे ती प्रजाती येथे नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

७. ‘परकी’ आणि ‘आक्रमक’ यांचा अर्थ एकच आहे का?

एकच नाही. एखादी प्रजाती जेथे नैसर्गिकरीत्या राहत आली आहे, तेथे ती स्थानिक असते. माणसाने मुद्दाम किंवा नकळत तिला दुसऱ्या प्रदेशात नेले, तर तेथे ती परकी ठरते. परकी प्रजाती नव्या ठिकाणी वाढून पसरू लागली आणि तेथील जीवसृष्टीला, शेतीला किंवा माणसांना तिच्यामुळे हानी पोहोचू लागली, तरच तिला आक्रमक म्हणतात. बाहेरून आलेले बरेच बेडूक तग न धरताच मरतात. उलट एखाद्या पावसाळी रात्री स्थानिक बेडूक शेकड्यांनी निघाले, तर त्याला आक्रमण म्हणत नाहीत.

८. बेडकाकडे पाहून तो स्थानिक आहे की नाही हे कळू शकते का?

बेडकाच्या अंगावर तशी कोणतीही खूण नसते. स्थानिक असणे हा प्रजातीचा गुण नाही, ते प्रजाती आणि ठिकाण यांचे नाते आहे. त्यामुळे हा प्रश्न नेहमी दोन टप्प्यांत सोडवावा लागतो: आधी प्रजाती ठरवायची आणि मग तिचा नैसर्गिक वावर कोठपर्यंत आहे हे तपासायचे. हा क्रम उलटा केला की चुका होतात, हे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो.

भारतीय बुलफ्रॉग भारताच्या मुख्य भूमीवर स्थानिक आहे, पण अंदमान बेटांवर तो माणसाबरोबर पोहोचला असून तेथे तो आक्रमक मानला जातो. त्याचे मांसाहारी भैकेर (बेडूकमासे) तेथील बेडकांचे भैकेर खातात. ऑस्ट्रेलियातील हिरवा-सोनेरी बेल फ्रॉग हे याहून चटका लावणारे उदाहरण आहे. मायदेशात त्याची संख्या इतकी घटली की त्याच्या रक्षणासाठी योजना आखाव्या लागल्या, आणि न्यूझीलंडमध्ये मात्र हाच बेडूक बाहेरून आणलेला, चांगला रुजलेला प्राणी आहे.

कधीकधी अभ्यासकांनाही हे ठरवायला फार उशीर होतो. इंग्लंडमधील पूल फ्रॉग हा युरोपातून आणून सोडलेला बेडूक आहे असे दीर्घकाळ समजले जात होते. जुनी हाडे, आवाज आणि आनुवंशिक तपासणी यांवरून त्याची उत्तरेकडील शाखा तेथे मूळचीच असल्याचे सिद्ध होईपर्यंत, १९९० च्या दशकात, तो तेथून नाहीसा झाला होता. २००५ पासून स्वीडनमधून त्याच शाखेचे बेडूक आणून त्याला पुन्हा वसवण्यात आले.

९. मोठा, तपकिरी, खडबडीत बेडूक दिसला. हा केन टोडच ना?

हा आमच्याकडे सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न आहे, आणि ‘नाही’ हे उत्तर आम्हांला अनेकदा बेडूक मारला गेल्यानंतर द्यावे लागले आहे. म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

केन टोड हा मूळचा दक्षिण टेक्सासपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतचा भेक. उसावरील भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी १९३५ मध्ये तो हवाईतून ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये आणला गेला. प्रौढ भुंगेरे उसाच्या शेंड्याकडे आणि त्यांच्या अळ्या मातीखाली, त्यामुळे त्याचा उसाला काहीच उपयोग झाला नाही; भेक मात्र उत्तर ऑस्ट्रेलियाभर पसरला. त्या खंडात मूळचे भेक नाहीत. त्यामुळे भेकांच्या विषाची सवय नसलेले क्वोल (मांजराएवढे मांसाहारी शिशुधानी प्राणी) आणि मोठ्या घोरपडी त्याला खाऊन मोठ्या संख्येने मेल्या.

ओळखताना पुढील लक्षणे एकत्र दिसायला हवीत: डोळ्यांच्या वरून निघून नाकाकडे एकत्र येणारे हाडांचे स्पष्ट उंचवटे, कर्णपटलामागून खांद्याकडे जाणाऱ्या मोठ्या विषग्रंथी, कोरडी गाठाळ पाठ, आडवी बाहुली, आणि बोटांना चकत्यांचा अभाव. प्रौढ साधारण १० ते १५ सेंटिमीटर लांब असतो. नुसता मोठा आकार किंवा नुसत्या गाठी पुरेशा नाहीत. ऑस्ट्रेलियातील महाकाय बिळकरी बेडूक गडद आणि गाठाळ असतो, पण त्याची बाहुली उभी असते आणि डोक्यावर उंचवटे नसतात. बँजो फ्रॉगच्या मागच्या पायाच्या पोटरीवर मोठी ग्रंथी असते. तिलाच विषग्रंथी समजून लोक त्याला मारतात. हे दोन्ही बेडूक तेथले मूळचे रहिवासी आहेत.

जेथे भेकांच्या स्थानिक प्रजाती आहेत, तेथे गुंता वाढतो. दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनमध्ये घोगऱ्या आवाजाचा गटरल टोड बाहेरून आला आहे, तर धोक्यात असलेला वेस्टर्न लेपर्ड टोड हा तेथलाच आहे. दोघेही गाठाळ, दोघांच्याही पाठीवर ठिगळांसारखे डाग. लेपर्ड टोडचे डाग मोठे, चॉकलेटी आणि बऱ्यापैकी जोडीजोडीने असतात. गटरल टोडच्या डोक्यावरील गडद डागांच्या मधून फिकट फुलीसारखी आकृती उमटते. अशा ठिकाणी तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये.

१०. केन टोडशिवाय आणखी कोणत्या परक्या बेडकांकडे लक्ष ठेवावे?

ते तुमच्या प्रदेशावर अवलंबून आहे. तरी जगभर उपद्रवी ठरलेल्या काही प्रजातींची ओळख असावी.

अमेरिकन बुलफ्रॉग मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. खाण्यासाठीच्या बेडूकपालनातून तो अमेरिकेच्या पश्चिमेत, युरोपात, दक्षिण अमेरिकेत आणि पूर्व आशियात पोहोचला. तो २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो, त्यात इतर बेडूकही आले. आवाज बैलाच्या हंबरण्यासारखा खोल असतो.

आफ्रिकेतील नखेवाला बेडूक एका अनपेक्षित वाटेने जगभर गेला. गर्भवती स्त्रीची लघवी टोचली असता या प्रजातीची मादी साधारण एका दिवसात अंडी घालते असे १९३० च्या दशकात लक्षात आले, आणि पुढे काही दशके गर्भचाचणीसाठी हे बेडूक देशोदेशी पाठवले गेले. त्यातून आणि प्रयोगशाळांतून सुटलेल्या बेडकांची संतती आज चिली, फ्रान्स, पोर्तुगाल, कॅलिफोर्निया अशा दूरदूरच्या ठिकाणी आहे. चपटे शरीर, वरच्या बाजूला आलेले पापणीविरहित डोळे, कडेने टाके घातल्यासारख्या रेघा आणि मागच्या पायांच्या तीन बोटांना काळी नखे असल्याने तो ओळखायला सोपा आहे. त्याच्यासारखा दिसणारा, मत्स्यपात्रात ठेवला जाणारा बुटका बेडूक मात्र वेगळा. त्याच्या पुढच्या बोटांतही पडदे असतात, नखेवाल्याच्या नसतात.

क्यूबन झाडबेडूक फ्लोरिडामध्ये स्थानिक झाडबेडकांना खातो. त्याच्या बोटांच्या चकत्या फार मोठ्या असतात आणि डोक्याची त्वचा कवटीला चिकटलेली असते, त्यामुळे ती बोटाने सरकत नाही. पोर्तो रिकोचा कोकी जेमतेम काही सेंटिमीटरांचा, पण रोपवाटिकांच्या झाडांबरोबर हवाईत पोहोचल्यापासून त्याच्या ‘को-की’ आवाजाने तेथील रात्री भरून गेल्या आहेत. हवाईत मूळचा एकही बेडूक नसल्याने तेथे ओळखीचा प्रश्न सोपा आहे: दिसेल तो बेडूक परकाच.

आशियातील काळ्या गाठींचा भेक २०१४ मध्ये मादागास्करच्या तोआमासिना बंदराच्या परिसरात आढळला. त्या बेटावरही मूळचे भेक नाहीत. डोक्यावरील काळ्या कडांचे उंचवटे आणि काळी टोके असलेल्या गाठी यांवरून तो केन टोडपासून वेगळा ओळखता येतो.

११. तळ्यात अंडी आणि बेडूकमासे दिसले. त्यावरून काही कळेल का?

अंड्यांच्या मांडणीवरून गट कळतो, प्रजाती क्वचितच. बहुतेक भेक पारदर्शक चिकट दोऱ्यांत काळी अंडी घालतात, इतर अनेक बेडूक पुंजके किंवा पाण्यावर पसरलेला थर करतात, आणि काही बेडूक फेसाचे घरटे बांधतात. फेस असेल तर ती केन टोडची अंडी नव्हेत, एवढे नक्की सांगता येते.

भैकेर, म्हणजेच बेडूकमासे, ओळखणे त्याहून कठीण आहे, कारण त्यासाठी तोंडाभोवतालच्या दातांच्या रांगा भिंगाखाली पाहाव्या लागतात. तरी काही अपवाद ठळक आहेत. १० सेंटिमीटरहून लांब, थंडीतही पाण्यात टिकून राहिलेला भैकेर अमेरिकन बुलफ्रॉगचा असू शकतो, कारण थंड प्रदेशांत त्याला बेडूक व्हायला एकाहून अधिक वर्षे लागतात. काचेसारखा पारदर्शक, तोंडाजवळ दोन लांब मिशा असलेला आणि डोके खाली करून तरंगणारा भैकेर नखेवाल्या बेडकाचा असतो. न्यूझीलंडमध्ये तर तळ्यात पोहणारे भैकेर दिसले की ते बाहेरून आलेल्या प्रजातीचेच, कारण तेथील मूळच्या बेडकांची पिल्ले तशा अवस्थेतून जातच नाहीत.

१२. मोबाइल अॅपने परक्या प्रजातीचे नाव दाखवले. त्यावर विश्वास ठेवू का?

ते नाव सूचना म्हणून घ्यावे, निकाल म्हणून नव्हे. अॅप फोटोची तुलना आधी जमा झालेल्या फोटोंशी करते. ज्या प्रजातींचे फोटो भरपूर आहेत, त्यांच्याकडे त्याचा कल झुकतो. दुर्मीळ स्थानिक प्रजाती आणि पिल्ले यांच्या बाबतीत ते सहज फसते. ‘आयनॅचरलिस्ट’ या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर इतर लोक ओळख तपासतात ही जमेची बाजू आहे, परंतु दोन जणांनी होकार दिला म्हणजे दोन तज्ज्ञांनी दिला असे नाही. अॅपने सुचवलेल्या नावाची लक्षणे प्रश्न ५ मधील क्रमाने स्वतः पडताळा. बेडूक दुर्मीळ स्थानिक प्रजातीचा निघाला तर त्याचे नेमके ठिकाण सार्वजनिक करू नका. ते पकडणाऱ्यांच्याही नजरेस पडते.

१३. बेडकाला हात लावल्याने विषबाधा होते का? कुत्र्याने तोंडात धरला तर?

बेडकाला स्पर्श केल्याने चामखिळी येत नाहीत. बहुतेक बेडकांच्या त्वचेवर कमी-अधिक दाहक स्राव असतो. क्यूबन झाडबेडकाचा स्राव डोळ्यांत गेला तर बराच वेळ जळजळ होते. त्यामुळे बेडूक हाताळल्यावर हात धुवेपर्यंत डोळ्यांना आणि तोंडाला हात लावू नये. बेडकाच्या बाजूनेही काळजी हवी, कारण त्याची त्वचा पातळ व शोषणारी असते आणि हातावरील मलम किंवा कीटकरोधक त्याला अपाय करते. उचलणे अटळ असेल तर स्वच्छ ओली प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवा, आणि दुसऱ्या बेडकासाठी दुसरी पिशवी घ्या.

कुत्र्याने केन टोड तोंडात धरला असेल तर वेळ दवडू नका. त्याचे डोके खाली झुकवून हिरड्या ओल्या फडक्याने पुन्हापुन्हा पुसा, पाणी घशात जाणार नाही असे पाहा, आणि ताबडतोब पशुवैद्याकडे न्या. लाळ गळणे, झटके, तोल जाणे ही लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये.

१४. बेडूक परका आहे याची माझी खात्री झाली आहे. त्याला मारू का?

आमचे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. निदान ओळख दुसऱ्या जाणकाराने पक्की करेपर्यंत तरी नाही. प्रश्न ९ मध्ये दिलेल्या उदाहरणांत बेडूक मारणाऱ्या माणसांचीही खात्रीच झालेली होती, आणि त्यांचा हेतूही चांगला होता. परका बेडूक एक रात्र अधिक जगला तर होणारे नुकसान थोडे आहे. धोक्यातल्या प्रजातीची अंड्यांनी भरलेली मादी मेली तर ते भरून निघत नाही.

फोटो, ठिकाण आणि वेळ यांसह वन किंवा जैवसुरक्षा विभागाला, अथवा जवळच्या निसर्गइतिहास संग्रहालयाला कळवा. परकी प्रजाती नव्याने आलेली असेल, तर पहिल्या काही दिवसांतली नोंद हीच तिला रोखण्याची सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक संधी असते. कायदा परवानगी देत असेल तेथे बेडकाला हवेशीर, ओलसर डब्यात ठेवून अधिकाऱ्यांच्या सूचनेची वाट पाहता येते. पुढे त्याला मारायचेच ठरले, तर ते वेदना न देता कसे करावे याचे नियम असतात. मीठ, जंतुनाशक किंवा काठी यांना त्यात स्थान नाही.

१५. दुरून आलेल्या कुंडीतून किंवा मालाच्या खोक्यातून बेडूक निघाला. बाहेर सोडून देऊ?

सोडू नका. रोपे, फळे आणि लाकूड यांच्याबरोबर बेडूक नकळत फार दूरचा प्रवास करतात. कोकीची गोष्ट (प्रश्न १०) अशीच सुरू झाली. तो दिसायला तुमच्याकडच्या बेडकासारखाच असला, तरी त्याच्या अंगावर कायट्रिड बुरशी असू शकते. ही बुरशी बेडकांच्या त्वचेला ग्रासते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार तिने ५०१ उभयचर प्रजातींच्या ऱ्हासाला हातभार लावला असून त्यांपैकी ९० प्रजाती नामशेष झाल्या असाव्यात. बुलफ्रॉग आणि नखेवाला बेडूक स्वतः आजारी न पडता ती वाहून नेऊ शकतात.

अशा बेडकाला झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात, ओल्या कागदी रुमालासह ठेवा, माल कोठून आला ते लिहा आणि प्रश्न १४ मध्ये सांगितल्याप्रमाणे कळवा. डब्यातील पाणी तळ्यात किंवा गटारात ओतू नका.

१६. पाळलेला बेडूक आता सांभाळता येत नाही. जवळच्या तळ्यात सोडला तर?

कोणत्याही परिस्थितीत सोडू नका, तो स्थानिक प्रजातीचा असला तरीही. कारण प्रश्न १५ मध्ये आले आहे. विक्रेता, प्राणिसंग्रहालय किंवा पशुवैद्य यांच्याशी बोलून त्याची सोय लावा.

१७. शेजारच्या प्रदेशातला बेडूक आता आमच्याकडे दिसू लागला आहे. त्याला परका म्हणायचे का?

तो स्वतःच्या पायांनी आला असेल, तर नाही. पाऊसमान आणि तापमान बदलले, कालवे किंवा तलाव झाले, की बेडकांच्या वावराच्या सीमा सरकतात. कधी बेडूक पूर्वीपासून असतोच, फक्त कोणी नोंद केलेली नसते. अशा वेळी आम्ही नोंदींचा नकाशा पाहतो. नव्या नोंदी जुन्या सीमेला लागून हळूहळू पुढे सरकत असतील, तर नैसर्गिक विस्तार संभवतो. मधे कोठेही नोंद नसताना एखादे बंदर, रोपवाटिका किंवा बाजारपेठ यांच्याजवळ अचानक बेडूक दिसले, तर माणसाचा हात असण्याची शक्यता अधिक. समुद्र किंवा पर्वतरांग मधे असेल तर ती आणखी बळावते. अंतिम उत्तरासाठी बहुधा दोन्ही ठिकाणच्या बेडकांचा डीएनए ताडून पाहावा लागतो.

१८. सर्व लक्षणे तपासली, तज्ज्ञांनाही विचारले, तरी बेडूक कोणत्याच यादीत बसत नाही. असे होऊ शकते का?

होऊ शकते, आणि त्याची कारणे वेगवेगळी असतात. सर्वांत साधे कारण म्हणजे बेडूक नुकताच शेपूट गळून बाहेर आलेला असतो आणि प्रौढाची लक्षणे त्यात उमटलेली नसतात. दुसरे कारण संकर. युरोपातील पाणबेडकांत पूल फ्रॉग आणि मार्श फ्रॉग यांच्या संकरातून झालेला खाद्य बेडूक हा स्वतःच सर्वत्र आढळणारा प्राणी आहे, आणि त्या तिघांना फोटोवरून वेगळे काढणे अनेकदा अशक्य असते.

तिसरे कारण म्हणजे प्रजातीला अजून नावच मिळालेले नसते. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील एका लेपर्ड फ्रॉगची साद ओळखीच्या लेपर्ड फ्रॉगसारखी नाही हे एका अभ्यासकाच्या कानाने टिपले. दिसायला तो इतर लेपर्ड फ्रॉगसारखाच होता, म्हणून कित्येक दशके त्यांच्यातच मोजला जात होता. आवाज, शरीररचना आणि डीएनए तपासल्यावर २०१४ मध्ये त्याचे स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णन झाले. जगातल्या इतक्या गजबजलेल्या महानगरात, इतक्या उशिरा.

म्हणून यादीत न बसणारा बेडूक परकाच असणार, असे धरून चालू नका. मूळ फोटो आणि ध्वनिमुद्रण काटछाट न करता जपून ठेवा, ठिकाणाची नोंद त्यांच्यासोबत ठेवा, आणि पुढच्या हंगामात त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा जा. नर साद घालत असेल तर या वेळी किमान पाच मिनिटे मुद्रण करा, आणि मुद्रणाच्या शेवटी हवेचे तापमान मोठ्याने सांगा: सादेचा वेग तापमानानुसार बदलतो, आणि ते ठाऊक असल्याशिवाय दोन मुद्रणांची तुलना करता येत नाही.